मागच्या दाराची घंटी

"मागच्या दाराला दोन लाव," नाना म्हणाले.

"दोन कशाला नाना? दार एक, स्विच एक. दार उघडलं की तार तुटणार, तार तुटली की घंटी वाजणार. दोन लावले म्हणून दोनदा थोडीच वाजणार आहे?"

"बरं बरं. तुझ्या हिशोबानं कर. पण ते दार सुटता कामा नये."

जयराम गांगुर्डे खडूने भिंतीवर रेघा मारत होता आणि धोंडीराम गुंजाळ, म्हणजे नाना, काठी टेकत त्याच्या मागे मागे फिरत होते. नाना मूळचे चांदवडचे. कांद्याच्या व्यापारात हयात गेलेली. गंगापूर रोडच्या नव्या कॉलनीत त्यांनी बैठा बंगला बांधला त्याला चारच वर्षं झाली होती. एकोणऐंशी सालचा फेब्रुवारी. महिन्यापूर्वी त्याच कॉलनीत भरदुपारी चोरी झाली होती, चोर मागच्या दाराने शिरला होता. तेव्हापासून सगळ्यांनी कुलपं बदलली. नाना एकटेच असे निघाले, की ज्यांना विजेची चोरघंटी हवी होती.

आणि नाशकात चोरघंटी म्हटलं की जयरामचंच नाव निघायचं. बारा वर्षं तो देवळाली कॅम्पात टेलिफोनच्या तारा ओढत होता. तिथला एक म्हातारा हवालदार त्याला शिकवून गेला होता : "एकदा वाजली तर नशीब, दोनदा वाजली तर योगायोग, तीनदा वाजली तरच काम." जयरामने ते असं काही उराशी धरलं, की पुढे स्वतःचा धंदा काढल्यावरही प्रत्येक जोड तीनदा वाजवून दाखवल्याशिवाय तो पान्हा पिशवीत घालत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, झालं की, कान किटले." जयराम म्हणायचा, "अजून एक राहिली."

पहिल्या दिवशी नानांनी विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालास?"

"गांगुर्डे."

"गांगुर्डे आमच्यात बी असतात. तुम्ही कोणते?"

जयरामने सांगितलं. नाना एक पाऊल मागे सरले. मग म्हणाले, "काम चांगलं करतोस म्हणतात. उद्यापासून मागच्या दारानं येत जा. पुढं लादी पुसलेली असती."

पुसलेल्या लादीचं कारण जयरामने जन्मभर ऐकलं होतं. पावसाळ्यात ऐकलं होतं, उन्हाळ्यात ऐकलं होतं, जिथे शेणाने सारवलेली जमीन होती तिथेही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या बोळातून सायकल आणली आणि कामाला लागला.

आराखडा त्याने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे काढला. पुढचं दार, बैठकीची खिडकी, झोपायच्या खोलीची खिडकी आणि स्वयंपाकघरातून बोळात उघडणारं मागचं दार. चार जागा. चारी जागांतून एकच तार फिरणार आणि मोठी घंटी बाहेर, शेजाऱ्याच्या गच्चीकडे तोंड करून. कुठूनही तार तुटली की अख्ख्या गल्लीला कळलं पाहिजे.

"पुढच्या दाराला आतून एक बटण दे," नानांनी बजावलं. "भाजीवाला आला, पोस्टमन आला, तर आमची ही बटण दाबून दार उघडील. मागच्याला बटण नको."

"मागच्याला पण देतो की. मावशींना कपडे वाळत घालायला..."

"नको म्हटलं ना! भांडीवाली सकाळी येती, तवा मी घरात असतो. दिवसा त्या दाराचं कामच काय?"

चोराला भिणारा माणूस रात्रीची काळजी करतो. हे गृहस्थ दुपारचीच काळजी करत होते. जयरामला ते जरा नवल वाटलं, पण नवल करत बसलं तर वायरमनची चूल पेटत नाही. त्याने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी नाना दहाच्या ठोक्याला बाजार समितीकडे निघून गेले. ते पाचला परत यायचे. घरात जयराम आणि गोजराबाई, नानांची बायको. ठेंगणी, सावळी, हातात हिरव्या बांगड्या. तिने जयरामला चहा दिला तो घरातल्याच कपबशीत, आणि समोर बसून राहिली. एकदा घड्याळाकडे बघायची, एकदा त्याच्या हातातल्या स्विचकडे बघायची. असं करता करता दीड वाजला. जयराम मागच्या दाराच्या चौकटीला भोक पाडायला लागला आणि बाई एकदम म्हणाली,

"दादा, हे दार सोडून द्या ना."

"सोडून द्या? अहो मावशी, चोर इथूनच येतो. बाकी तीन ठिकाणी लावून हे सोडलं, तर घंटीचा उपयोग काय? आणि नानांनी तर आधी हेच सांगितलंय."

"म्हणूनच सांगितलंय त्यांनी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

जयरामने हातातलं यंत्र खाली ठेवलं. रडणाऱ्या बाईसमोर काय करायचं हे कॅम्पातल्या हवालदाराने शिकवलेलं नव्हतं.

"माझी एकच पोर हाय, दादा. लता. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, दोन वर्षं झाली. यांनी तिचं नाव टाकलं. फोटो काढला भिंतीवरचा. म्हणाले, या उंबऱ्यात ती दिसली तर तू बी दिसणार नाय. मी पहिलं वरीस नुसती झुरले. लय झुरले. मग तिला मूल झालं, तवा ती एका बुधवारी या बोळातून आली. दर बुधवारी दोनला येती, चारला जाती. यांना संशय आलाय. चोराचं नाव करून मला कोंडतात हे."

जयराम काही बोलायच्या आत मागच्या दाराच्या फटीतून एक बोट आत आलं. बोटाने कडी अलगद वर उचलली. दार उघडलं आणि कडेवर वर्षाची पोरगी, हातात पितळी डबा घेतलेली एक तरुण बाई उंबऱ्यात उभी राहिली. जयरामला बघून ती दचकली, मग तिने त्याला ओळखलं. त्यानेही ओळखलं. नाशिकरोडला त्याच्याच वसाहतीत पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मास्तरांची बायको. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दरवर्षी पोरींची रांग सांभाळणारी.

"जय भीम, भाऊ," ती हळूच म्हणाली.

"जय भीम, ताई."

गोजराबाईने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा जयरामकडे. तिची मान खाली गेली. मग तिने ती वर केली आणि नातीला ओढून घेतलं.

झालं! आता काय करायचं बाप्पा? जयराम बोळात सायकलजवळ जाऊन बसला. शकूने, त्याच्या बायकोने, दिलेली भाकरी सोडली आणि तशीच पुन्हा बांधून ठेवली. आतून हसण्याचा आवाज येत होता. नात बहुतेक भांडी पाडत होती. एकीकडे वाटत होतं, कोण कुठला म्हातारा, पुसलेल्या लादीवरून मला चालू देत नाही, त्याला फसवलं तर पाप कसलं? पण दुसरीकडे मन म्हणत होतं, तो कसाही असो, त्याने दार तुझ्या हाती सोपवलंय. वीस वर्षांत तू एक खोटा जोड केलेला नाहीस. आज एक केलास, तर उद्या स्वतःच्या हातावर विश्वास कसा ठेवशील? आणि खरोखरच चोर आला तर?

चार वाजता लता निघाली. आईने तिचा पितळी डबा धुऊन, पुसून परत दिला. देताना झाकण उघडून आत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा टाकला.

"आई, दर वेळेस काय गं!"

"रिकामा डबा माघारी देऊ नये. माहेर हाय तुला, अजून हाय," गोजराबाई म्हणाली.

हे वाक्य ऐकलं आणि जयरामच्या मनाचा निकाल लागला. तो उठला. त्याने मागच्या दाराला स्विच बसवला, अगदी नीट, चारी स्क्रू पक्के. तार आणली, जोडली. मग स्विचच्या डबीत दोन टोकांच्या मधोमध तांब्याच्या तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आडवा टाकला आणि झाकण लावलं. बाहेरून पाहणाऱ्याला काम पूर्ण दिसत होतं. पण आता ते दार हजारदा उघडलं तरी तार तुटणार नव्हती.

"मावशी, इथे घंटी वाजणार नाही. पण रात्री झोपताना आतून अडसर घालत जा. एवढं माझ्यासाठी करा."

"घालीन रे बाबा. देवाशपथ घालीन," ती म्हणाली आणि जयरामच्या डोक्यावरून हात फिरवून तिने आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

पाचला नाना आले. अंगणात पाइप घेऊन गुलाबांना पाणी घालायला लागले आणि तिथूनच ओरडले, "वाजवून दाखव रे!"

जयरामने पुढचं दार तीनदा उघडलं. घंटी तीनदा कडाडली. शेजारी गच्चीत आले. बैठकीची खिडकी तीनदा, झोपायच्या खोलीची खिडकी तीनदा. मग तो स्वयंपाकघरात गेला, मागच्या दारासमोर उभा राहिला आणि हात न लावता परत आला.

"झालं, नाना."

"सगळी दारं?"

"सगळी."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. पाइप हातात तसाच, एकाच गुलाबाचं आळं भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "बरं."

जयराम सायकलवर बसला आणि मागे न बघता निघाला.

त्यानंतर त्याने शेकड्याने घंट्या बसवल्या. बंगले, गोदामं, सोनाराची दुकानं. प्रत्येक ठिकाणी तीनदा वाजवल्या. पण गंगापूर रोडला काम निघालं की तो त्या कॉलनीला वळसा घालून जायचा. कुठे चोरी झाल्याचं ऐकलं की पहिलं विचारायचा, "गुंजाळांकडे तर नाही ना?" शकू म्हणायची, "पुण्याचंच काम केलंत ना, मग एवढं काय मनाला लावून घेता?" तिचं खरं होतं. पण पुण्याचं असो, पापाचं असो, खोटा जोड तो खोटा जोड. तो जयरामच्या मनातून काही निघाला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात निरोप आला. नाना गुंजाळांनी बोलावलंय, घंटी बिघडलीय.

"आता सापडलो," जयराम शकूला म्हणाला. त्याचे केस आता पांढरे झाले होते. जुन्या सवयीने त्याने सायकल मागच्या बोळात घातली. तेवढ्यात कुंपणाशी उभे असलेले नाना ओरडले, "तिकडून कशाला? पुढून ये!"

नाना निम्मे झाले होते. कान मंद झालेले, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. जयराम पुढच्या दाराशी चपला काढून थबकला. लादी खरोखरच पुसलेली होती, ओली होती.

"ये रे, ये. पाय उमटले तर उमटू दे. बघायला कोण हाय?"

बैठकीत गोजराबाईचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या शेजारी दुसरा फोटो होता, दोन वेण्या घातलेल्या शाळकरी लताचा. चौकट जुनी, खिळा नवा. जयराम दोन्हींकडे बघत उभा राहिला.

"चैत्रात गेली ती," नाना म्हणाले. "बस. चहा मीच करतो आता. साखर जास्त पडती, सांभाळून घे."

चहा खरंच पाकासारखा गोड होता. अर्धा झाल्यावर नाना म्हणाले, "मागच्या दाराची घंटी वाजत नाय."

जयरामने कपबशी खाली ठेवली. नऊ वर्षं जे मनात पाठ केलं होतं ते बोलायला तोंड उघडलं. "नाना, ती मी..."

"मला ठाऊक हाय. ती कधीच वाजत नव्हती."

"तुम्हाला... कधी कळलं?"

"त्याच दिवशी. अरे, जिंदगीभर लिलावात उभा राहिलेला माणूस मी. कान माझे मोजायलाच बसलेले. तू बाकीच्या गिऱ्हाइकांकडं तीन-तीनदा वाजवतो ही तुझी ख्याती ऐकूनच तुला बोलावलं होतं. चार ठिकाणं, बारा वेळा वाजायला पाहिजे होती. मी पाणी घालता घालता मोजत होतो. नऊ वेळा वाजली."

जयरामने नकळत बोटांवर मोजलं.

"लय संतापलो होतो," नाना पुढे म्हणाले. "तू गेल्यावर हिला विचारायला आत गेलो. तर ही चुलीपुढं बसून गुणगुणत होती. दोन वर्षांनी! दोन वर्षं या घरात भांड्याशिवाय आवाज नव्हता रे. मी तसाच मागं फिरलो. म्हटलं, नऊ तर नऊ."

"मग ताईंना घरी का नाही बोलावलंत?"

"तीच तर गंमत हाय माझी. एकदा तोंडातनं गेलेला शब्द मागं घ्यायला मोठं काळीज लागतं. मला जमलं ते एवढंच, की पाचच्या आत घरी आलो नाय. कधीच नाय. एका बुधवारी तापानं फणफणलो होतो. हमाल म्हणाले, शेठ, घरी सोडतो. मी तिथंच पोत्यावर पडून राहिलो पाचपर्यंत. हिला कधी कळू दिलं नाय, की मला ठाऊक हाय."

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग ते जयरामला स्वयंपाकघरात घेऊन गेले. ओट्यावर पितळी डबा होता. तोच.

"ही गेल्यावर मला वाटलं, संपलं. दहाव्याला लता घाटावर आली होती. लांब उभी होती. मी बघितलं, पण हाक काय फुटली नाय. मग दोन बुधवार झाले, दुपारी डोळा उघडला तर ओट्यावर हा डबा. मेथीची भाजी, दोन भाकरी. कडी काढून आली, ठेवून गेली. पुढच्या बुधवारी आदला डबा घेऊन गेली, दुसरा ठेवून गेली. मी दर बुधवारी जागा राहायचं ठरवतो रे, पण हे वय! जेवलं की डोळा लागतो. आणि कान असे. ती येती, जाती, मला पत्ता नाय. बापाला बघून जाती का झोपलेला? कोण जाणे." त्यांनी जयरामचा दंड धरला. "तेवढी घंटी वाजती कर. मला उठवलं म्हणजे झालं. बाकीचं मी बघतो."

जयरामने स्टूल घेतलं आणि विचार करायला लागला. बाहेरची मोठी घंटी वाजली तर गल्ली गोळा होईल आणि ताई घाबरून पळतील. ती चालायची नाही. त्याने बाहेरची तार सोडली, पिशवीतली एक छोटी घंटी काढली आणि नानांच्या पलंगाच्या उशाशी, कानापासून हातभर अंतरावर बसवली. आवाज मंजूळ, पण जवळून ऐकला तर मेलेला माणूसही उठेल. मग तो मागच्या दाराकडे गेला. डबीचं झाकण उघडलं. तांब्याचा तो तुकडा आत तसाच होता, हिरवा पडलेला. त्याने तो चिमट्याने काढला आणि खिशात टाकला. नऊ वर्षांचं ओझं, आणि वजन काहीच नव्हतं.

"नाना, पलंगावर पडा. वाजवून बघतो."

त्याने कडी काढून दार उघडलं. आत घंटी किणकिणली. क्षणात काठी न घेताच नाना स्वयंपाकघराच्या दारात हजर, केस विस्कटलेले, डोळे दाराकडे.

"मीच आहे, नाना. मी तपासतोय."

"हां, हां. ठाऊक हाय मला." ते ओशाळून हसले. "दहा झाल्या."

ते परत जाऊन पडले. जयरामने पुन्हा दार उघडलं. या वेळेस तो ओरडून सांगणार होता, पण त्याच्या आधीच नाना आले होते. टोपी घातलेली. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. दारात जयरामला बघून त्यांचा हात बटणावरून खाली आला.

"अकरा," ते म्हणाले.

जयरामने दार लावलं, कडी घातली आणि पान्हा, चिमटा, सगळं एकेक करून पिशवीत भरलं.

"अरे, एक राहिली ना?" नाना म्हणाले. "तू तर तीनदा वाजवतो."

"राहू द्या, नाना. आज मंगळवार आहे. बारावी उद्या ताई वाजवतील."

नानांनी कडी एकदा चाचपून बघितली. मग त्यांनी मान हलवली, फळीवरचा डबा खाली काढला आणि ओट्यावरचा पितळी डबा उघडला. तो धुऊन लख्ख पुसलेला होता. त्यांनी त्यात मूठभर शेंगदाणे टाकले. गुळाचा खडा मोठा होता, झाकण बसेना. त्यांनी तो फोडला नाही. झाकण तसंच वर ठेवलं आणि डबा दाराच्या बाजूला सरकवला.

जयराम पुढच्या दाराने बाहेर पडला. ओल्या लादीवर त्याची पावलं उमटली होती, आतपर्यंत. नानांनी ती पुसली नाहीत.